सातव्या गाण्यातल्या चार थापा

१

सकाळी शाळेच्या बस निघून गेल्या की सोसायटीतला गलका ओसरायचा. मग सायली चहाचा कप घेऊन आतल्या छोट्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. पिंपळे सौदागरमधल्या त्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तेवढी एकच खोली तिची स्वतःची होती. भिंतींना, छताला, दाराच्या आतल्या अंगालाही तिनं जाड काळा फोम चिकटवून घेतला होता. दार लागलं की रस्त्यावरचे हॉर्न, शेजारच्या कुसुमताईंचा टीव्ही, आईच्या कुकरच्या शिट्ट्या, सगळं कापल्यासारखं थांबायचं. पहिल्यांदा आत येणाऱ्याच्या कानांत दडे बसायचे. सायलीला मात्र तिथंच मोकळं वाटायचं.

तिचं काम आवाज साफ करण्याचं. कुणी पुस्तक वाचून रेकॉर्ड केलेलं असायचं, कुणी जाहिरात, कुणी गाणं. त्यातली पंख्याची घरघर, मधेच भुंकलेलं कुत्रं, शेजारच्या फ्लॅटमधलं ड्रिल, हे सगळं ती हुडकून काढायची. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाज रंगांत दिसतो. माणसाचा आवाज नारिंगी लाटांसारखा, आणि टाचणी पडली तरी एक उभी बारीक रेघ. त्या रेघेवरून खोडरबर फिरवावा तसा माउस फिरवायचा, की तो आवाज कधी झालाच नव्हता.

त्या आठवड्यात तिच्याकडं अमेरिकेतून एक अल्बम आला होता. तिकडच्या अ‍ॅपलेशियन डोंगरांतली, कोळशाच्या खाणींच्या मुलखातली जुनी गाणी. आईनं लेकीला शिकवलेली, कागदावर कधी न उतरलेली. गाणारी बाई नोरीन, साठीची, शाळेत स्वयंपाकाचं काम करून निवृत्त झालेली. तिनं ती अकरा गाणी वडिलांच्या लाकडी घरात, मधोमध एकच माइक ठेवून रेकॉर्ड केली होती. हातात बँजो, भाऊ फिडलवर म्हणजे तिकडच्या व्हायोलिनवर, एक शेजारी गिटारवर. विजेवर चालणारं एकही वाद्य नाही.

‘फक्त फ्रिजची घरघर काढ,’ नोरीननं लिहिलं होतं. ‘खुर्ची वाजली, पत्र्यावर पाऊस वाजला, मला धाप लागली, तर राहू दे. वडील खाणीत होते. शेवटची दहा वर्षं त्यांनी याच घरात खोकत काढली. घराचा आवाज पुसू नकोस.’

सायलीनं ते दोनदा वाचलं. मग तिनं हेडफोन चढवले आणि कामाला लागली.

२

नोरीनचा आवाज गोड नव्हता. नाकातून, सरळ, एकही हेलकावा न घेता यायचा. काळीज चिरणारी ओळसुद्धा ती किराण्याची यादी वाचावी तशी म्हणायची, आणि म्हणूनच ती आत रुतून बसायची. सोमवार ते मंगळवार दुपारपर्यंत सायलीनं सहा गाणी उरकली. कधी नव्हे ती काम करताना गुणगुणत होती.

सातव्या गाण्यात वाद्यं नव्हती, नुसता गळा. खाणीतून परतणाऱ्या बापासाठी रोज संध्याकाळी ताट मांडणाऱ्या पोरीचं गाणं होतं. शेवटच्या कडव्यात ती दोन ताटं मांडते आणि एक तसंच उचलून ठेवते. गाणं संपलं. मग अकरा सेकंद नुसतं घर ऐकू येत होतं. लाकूड, वारा, लांब कुठंतरी गाडी.

आणि त्यात थापा.

एक. दोन. तीन. मग जरा थांबून चौथी.

सायलीचा हात माउसवर तसाच राहिला. तिनं मागं जाऊन पुन्हा ऐकलं. तीन थापा बोटांच्या पेरांनी मारलेल्या, कोरड्या. चौथी पंजाची. पडद्यावर तीन उभ्या रेघा दिसत होत्या, आणि चौथीच्या पायथ्याशी एक फिकट पट्टा खाली खाली उतरत गेलेला, हात लाकडावरून घसरत जावा तसा.

तिनं हेडफोन काढले. खोलीत काहीच आवाज नव्हता. त्या खोलीत कधीच काही नसायचं.

‘सायली, ताट वाढलंय,’ असं आई, शालनबाई, बाहेर म्हणत असणार, कारण टेबलावरच्या मोबाइलवर तिचा मिस्ड कॉल आला. दाराला हात लावून बोलवायचं नाही, हा नियम घरात दहा महिन्यांपासून न बोलता पाळला जात होता.

३

संध्याकाळपर्यंत सायलीनं स्वतःची समजूत घातली होती. असे गाणारे लोक पायानं ताल धरतात. लाकडी जमीन, जाड बूट. गाणं संपल्यावरही पाय दोन-चारदा हलतोच. नाहीतर भावानं फिडलचा गज पेटीवर ठेवला असेल. तिनं नोरीनला साधासा निरोप टाकला: सातव्या गाण्यानंतर चार ठोके आहेत, तुझा पाय असेल तर ठेवते, नाहीतर काढते.

बुधवारी सकाळी उत्तर आलं होतं.

‘मी अनवाणी होते. पायाखाली गोधडी होती, मुद्दाम. माझ्या फाइलमध्ये ठोके नाहीत, भावानंही ऐकून पाहिलं. पण तुला ऐकू येत असतील तर पुसण्याआधी दार उघडून बघ. कदाचित तुझ्याकडंच कुणी आलं असेल.’

शेवटी तिनं हसरा चेहरा टाकला होता. चेष्टाच होती ती. सायलीनं तो निरोप पुसून टाकला.

सोबत नोरीननं तीच फाइल पुन्हा पाठवली होती. सायलीनं ती मोबाइलवर, साध्या इअरफोननं, सोसायटीच्या बागेतल्या बाकावर बसून ऐकली. अकरा सेकंद घर. लाकूड, वारा, गाडी. थापा नव्हत्या.

तिला इतकं हायसं वाटलं की ती तिथंच दोन मिनिटं डोळे मिटून बसली. वर येऊन खोलीत शिरली, दार लावलं, तीच फाइल कॉम्प्युटरवर लावली.

एक. दोन. तीन. थांबून, चौथी.

४

सायलीचे वडील कोंडीराम तरुणपणी जालन्याकडून आले आणि भोसरीच्या एका फाउंड्रीत लागले. तेहतीस वर्षं साच्याच्या वाळूत काम केलं. एप्रिलमध्ये जयंतीला वस्तीतल्या गायन पार्टीत त्यांचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. पुढं वाळूची ती पिठासारखी धूळ छातीत बसली. आधी गाणं गेलं, मग जिना चढणं गेलं, शेवटी रात्रंदिवस नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. मशीन विजेवर चालायचं. वीज गेली की कोपऱ्यातला सिलिंडर सुरू करायचा, आणि त्याची चावी फिरवायला जोर लागायचा. तो त्यांच्या बोटांत उरला नव्हता.

दहा महिन्यांपूर्वीचा तो गुरुवार. या पट्ट्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे शेंबडं पोरही सांगेल. सायली आत चऱ्होलीच्या एका नव्या गृहप्रकल्पाची जाहिरात स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करत होती. आई पिंपरीला भाजी आणायला गेलेली. दुपारी वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पंखा बंद पडला, आणि सायलीला उलट बरंच वाटलं. आता घरघर नाही. एका दमात होऊन जाईल.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या.

नंतर सगळ्यांना तिनं एकच सांगितलं. डॉक्टरांना, आईला, चिखलीच्या काकांना. ‘मला काहीच ऐकू आलं नाही. खोलीच तशी आहे.’ सगळ्यांनी ते लगेच मानलं. काका तर तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, ‘तुझा काय दोष, बाळा?’

तिला ऐकू आलं होतं. फोममधून अगदी बारीक, पण आलं होतं. तीन थापा. तिच्या मनात आलेलं वाक्यसुद्धा तिला पाठ होतं: एवढा एक परिच्छेद होऊ दे, पप्पा. मग चौथी पडली, आणि ती वाचत राहिली. घरांच्या खिडक्यांतून इंद्रायणी दिसते, असं काहीसं होतं त्या परिच्छेदात.

चार मिनिटांनी तिनं दार आत ओढलं, तेव्हा दाराला पाठ टेकून बसलेले पप्पा हळूच आत कलंडले.

एवढंच असतं तर तिनं कधीतरी कुणाला सांगितलं असतं. पण दोन आठवड्यांनी जाहिरातवाल्यांचा फोन आला. नव्यानं वाचायची ताकद तिच्यात नव्हती, म्हणून तिनं त्या दिवसाचंच रेकॉर्डिंग उघडलं. त्यात थापा होत्या. पहिल्या तीन तिनं दोन मिनिटांत पुसल्या. चौथी निघेना. तो खाली घसरत जाणारा पट्टा तिच्या स्वतःच्या शब्दांत मिसळला होता. त्याच्यावर तिनं पाऊण तास काढला, एकेक ठिपका उचलत. काम झाल्यावर पाठवून दिलं आणि मूळ फाइल कायमची काढून टाकली.

म्हणून त्या थापांमधली अंतरं तिला घड्याळापेक्षा नेमकी माहीत होती. तिच्याशिवाय ती कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं.

५

बुधवारी दुपारी तिनं सातव्या गाण्यातल्या थापा पुसल्या. हात चालवायची सवय होती, हात चालला. पुन्हा ऐकलं. स्वच्छ.

आठवं गाणं लावलं. फिडल आणि बँजो यांची धावपळ, लग्नाच्या वरातीचं गाणं. दुसऱ्या कडव्यानंतर वादक श्वास घ्यायला थांबले, आणि त्या तेवढ्याशा फटीत थापा पडल्या. सातव्या गाण्यातल्यापेक्षा जवळून.

सायलीनं त्याही पुसल्या. मग त्या नवव्या गाण्याच्या सुरुवातीला आल्या, नोरीन घसा खाकरते त्याच्या आधी.

डोकं शाबूत ठेवायचं, असं ठरवून तिनं कारणं मांडून पाहिली. जुन्या कामाचा तुकडा कॉम्प्युटरच्या कुठल्यातरी कोपऱ्यात उरला असेल आणि प्रोग्रॅम तो मधेच मिसळत असेल. तिनं सगळं साफ केलं, प्रोग्रॅम काढून नव्यानं टाकला. किंवा थापा रेकॉर्डिंगमध्ये नाहीतच, तिच्या डोक्यात आहेत. पण मग पडद्यावर रेघा कशा? तिनं मोबाइलनं पडद्याचा फोटो काढला. फोटोतही रेघा होत्या.

मग तिच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती आधी लक्षात आली नसती तर बरं झालं असतं.

नोरीननं एकच माइक वापरला होता. एका माइकचा आवाज दोन्ही कानांत सारखाच येतो, डोक्याच्या मधोमध. गळा, बँजो, फिडल, पाऊस, सगळं मधोमधच होतं. थापा मात्र फक्त उजव्या कानात होत्या.

तिनं हेडफोन उलटे घातले. डावा उजवीकडं, उजवा डावीकडं. आता थापा डावीकडून यायला हव्या होत्या.

त्या उजवीकडूनच आल्या.

खोलीचं दार उजवीकडं होतं.

सायलीनं मान वळवली नाही. तिनं नजर पडद्यावर ठेवली, नोरीनचं गाणं पुन्हा सुरू झालं तसा आवाज वाढवला, आणखी वाढवला, आणि संध्याकाळी आईचा तिसरा मिस्ड कॉल येईपर्यंत ती जागची हलली नाही. उठायचं म्हणजे दार उघडायला लागणार होतं.

६

दुसरा दिवस गुरुवार. नाश्ता झाल्यावर वीज गेली. सायली खोलीत गेलीच नाही. लॅपटॉप आदल्या दिवशीपासून आत बंद करून ठेवलेला, दार बाहेरून ओढून घेतलेलं. ती स्वयंपाकघरात आईसमोर फरशीवर बसली. आई शेंगा सोलत होती. पंखे, फ्रिज, लिफ्ट, सगळं बंद. इमारतीत दुपारसारखी सुस्ती आली होती.

‘आज काम न्हाई व्हय?’ आईनं विचारलं.

‘आई, मला एक सांगायचंय.’

‘सांग की.’

‘त्या दिवशी... पप्पांनी दार वाजवलेलं मला ऐकू आलं होतं.’

आईचे हात थांबले नाहीत. एक शेंग, दुसरी, तिसरी. दाणे ताटलीत पडत होते. सायली बोलत सुटली. परिच्छेद, पंखा, चार मिनिटं, पुसून टाकलेली फाइल. अल्बमचं मात्र तिनं सांगितलं नाही. सगळं बोलून झालं तेव्हा आई आपल्याला मारेल, निदान ओरडेल, याची ती अगदी आतुरतेनं वाट बघत होती.

‘म्हणजे तुलाबी आलं होतं,’ आई म्हणाली.

सायलीला आधी ते नीट कळलंच नाही.

‘मी पिंपरीला गेलेच न्हवते,’ आई ताटलीकडं बघत म्हणाली. ‘कुसुमताईकडं बसले होते. हितं, बाजूला. आठ महिनं रात्रीची झोप न्हवती बाई मला. त्यांचं मशीन घुरघुरायचं, ते खोकायचे, मी उठायची. त्या दिवशी पिशवी घेऊन निघाले आन् तिच्या सोफ्यावर जाऊन बसले. तिनं चहा टाकला. तेवढ्यात लाइट गेली. मग भिंतीतनं थापा आल्या.’

‘आई...’

‘कुसुमताई म्हणली, शालनबाई, तुमच्याकडं कुणी दार वाजवतंय का बघा. मी म्हणलं, सायली हाय घरात. ती उठंल की.’ आईनं शेंग हातात तशीच धरली. ‘एकदा तरी तिला उठू दे, असं आलं माझ्या मनात. खोटं कशाला बोलू? एवढा चहा पिऊन जाते, म्हणलं. तुझा फोन आला तवा कप हातात होता. पिशवी रिकामी होती माझी. तू बघितली न्हाईस, कुणीच बघितली न्हाई.’

दहा महिने एका घरात राहून, एका ताटात जेवून, आपल्या समोर बसलेल्या बाईला आज पहिल्यांदाच बघतोय असं सायलीला वाटलं. रडू आलं नाही. उलट मोठी भीती वाटली. आजवर निदान आई तरी यातून सुटलेली होती.

तेव्हा थापा पडल्या.

तीन. थांबून एक.

हेडफोन नव्हते. वीज नव्हती. आवाज बोळातून आला, छोट्या खोलीच्या बंद दारातून. बाहेरून कुणी वाजवल्यासारखा नाही. आतून.

आईच्या हातातली शेंग खाली पडली. ‘हे... तुझं मशीन चालू हाय का आत?’

‘नाही,’ सायली म्हणाली.

चौथ्या थापेनंतरचा तो घसरत जाणारा आवाज आता स्पष्ट ऐकू येत होता. तो खाली खाली उतरत होता आणि थांबत नव्हता.

दोघी एकदमच उठल्या.

७

दार आईनं ढकललं. सायली तिच्या खांद्यामागं होती.

आत कुणी नव्हतं. खिडकी नसलेली खोली, बोळातल्या उजेडात अर्धी दिसणारी. टेबल, बंद लॅपटॉप, स्टँडवर माइक, रिकामी खुर्ची. आई दोन पावलं आत गेली. सायली तिच्यामागून आत येऊन वळली आणि तिचं लक्ष उघड्या दाराच्या आतल्या बाजूकडं गेलं.

फोमला खड्डे पडले होते. बसलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर तीन, पेरांएवढे, ओळीत. त्यांच्या बाजूला एक पंजा. पंजापासून खाली फरशीपर्यंत बोटांचे चार चरे ओढत गेलेले.

फोमवर वाजवलं तर आवाज होत नाही. हे तिला कुणीही सांगायची गरज नव्हती. त्यासाठीच तर तो लावला होता.

ती बघत असतानाच पहिला खड्डा हळूहळू फुगून वर आला आणि दिसेनासा झाला. मग दुसरा. दाबलेला फोम वर यायला काही क्षण लागतात. तेवढे क्षणच झाले होते.

‘आई,’ ती कुजबुजली, ‘बघ.’

आईनं मागं वळून पाहिलं. काय बघायचं हे तिनं विचारलं नाही. ती दाराशी आली, गुडघ्यावर हात ठेवून कशीबशी खाली बसली, आणि पंजाची खूण पुरती मिटायच्या आत तिनं आपला पंजा तिच्यावर ठेवला. तो त्या खुणेपेक्षा बराच लहान होता.

‘मी हितंच होते हो,’ आई दाराला म्हणाली. ‘बाजूलाच. ऐकलं होतं मी. आले न्हाई.’

त्या खोलीत शब्द बोलले की घुमत नसत, तोंडातून निघाले की तिथंच विझत. आईचे शब्दही तसेच विझले. मग तिनं मान वर करून लेकीकडं पाहिलं. आता तुझी पाळी, असं त्या नजरेत होतं. दटावणी नव्हती. भात लावलास का, असं विचारावं इतकी साधी नजर होती ती.

सायलीनं तोंड उघडलं. आईला सांगणं वेगळं होतं. काकांना, अगदी साऱ्या सोसायटीलाही तिनं सांगितलं असतं. हे तिला जमेना. ती आईशेजारी फरशीवर बसली, दाराला पाठ टेकून.

‘पप्पा,’ ती म्हणाली. ‘मला ऐकू आलं होतं. मी उठले नाही.’

काही झालं नाही. बाहेर बोळात ऊन होतं. खाली कुणीतरी गाडी मागं घेत होतं, त्याचा टीं-टीं आवाज दारापर्यंत येऊन तिथंच संपत होता.

मग दोघींच्या मधून, दोघींच्याही कानांच्या अगदी जवळ, कुणीतरी श्वास आत घेतला. लांब, घरघरता, छातीच्या तळापासून ओढलेला. सायलीचा नव्हता. आईचाही नव्हता. आईनं तर दम रोखून धरला होता, तिची बोटं सायलीच्या मनगटात रुतली होती.

श्वास पूर्ण आत गेला आणि थांबला.

आता तो सोडेल. आता सोडेल, आता. दोघी त्या काळ्या खोलीत दाराला टेकून बसल्या आणि ऐकत राहिल्या. घटकाभरानं वीज आली, बाहेर पंखा फिरू लागला, फ्रिज गुरगुरला, कुसुमताईंचा टीव्ही मधूनच मोठ्यानं बोलू लागला. दोघींपैकी एकीनंही उठून दार लावलं नाही.

श्वास अजून सोडला गेला नव्हता.